माँटगोमेरीचा अर्धा मैल

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे ठराविक तीन प्रश्न विचारतात. नायगारा पाहिला का, थंडी कितपत होती, आणि तिकडे भाजी काय भावाने मिळते. भाजीचा भाव मी सांगू शकते. थंडीचा प्रश्न येत नाही, कारण मी उन्हाळ्याच्या सुटीत गेले होते. पण नायगाऱ्याच्या वाटेलाही मी गेले नाही. गेले ती अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी नावाच्या गावाला. स्टाफरूममध्ये हे सांगितले तेव्हा एक सहकारी म्हणाले, "म्हणजे बाई, आग्र्याला जाऊन ताजमहाल सोडलात आणि कलेक्टर कचेरी पाहून आलात म्हणायचं!"

गोष्ट काहीशी तशीच आहे. जाण्याला कारणे दोन होती, एक पुस्तकातले आणि एक नात्यातले.

पुस्तकातले आधी सांगते. पदवीच्या वर्गाला जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' शिकवताना मी तिच्या अर्पणपत्रिकेपाशी नेहमी थांबते. १८७३ साली पुण्यात बसून जोतीरावांनी ते पुस्तक अर्पण केले कोणाला, तर गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. वर्गातली एखादी चौकस मुलगी मग हटकून विचारते, "बाई, १८७३ च्या आधीच जर ते सुटले होते, तर बसमधल्या त्या वेगळ्या जागा कुठून आल्या?" प्रश्न चांगला आहे. पुष्कळांना तो पडतच नाही. गुलामगिरी कायद्याने गेली, मनातून गेली नाही, आणि जुन्या वाड्याच्या भिंतीत ओल राहावी तशी ती पुढे शंभर वर्षे राहिली, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. माँटगोमेरीच्या एका रस्त्यावरून अर्धा मैल चालले की ही समजूत फार वेळ टिकत नाही.

नात्यातले कारण असे. माझा भाचा अटलांटाला असतो. त्याची बायको तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. ती कृष्णवर्णीय आहे आणि तिची आजी माँटगोमेरीला राहते. माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे भाच्याच्या आईला, हे लग्न पसंत नव्हते. नाही असे ती कधी म्हणाली नाही. गुडघे दुखतात म्हणाली आणि लग्नाला गेली नाही. सून शिक्षिका आहे एवढे ती लोकांना सांगते. पुढचे सांगत नाही. निघताना तिने मला दशम्या, मेतकूट आणि एक बांधणीची साडी दिली, आणि दारात हळूच म्हणाली, "त्यांचं घर कसं आहे ते बघून ये हो."

अटलांटा ते माँटगोमेरी मोटारीने अडीच तास. अलाबामाची हद्द लागली की घड्याळ एक तास मागे करावे लागते. भाचा म्हणाला, "मावशी, इथं लोक म्हणतात, एक तास कसला, पन्नास वर्षं मागे करा." भाचेसून पुढच्या सीटवर होती. ती हसली नाही. हा विनोद तिने पुष्कळदा ऐकला असावा. वाटेत टस्कीगीची पाटी लागली. बुकर वॉशिंग्टन यांनी तिथे काळ्या मुलांसाठी शाळा काढली, हे आपल्याकडच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. त्या गृहस्थांचे नाव पुढे एका निराळ्याच संदर्भात येणार आहे.

माँटगोमेरी ही अलाबामाची राजधानी. गाव फार मोठे नाही. लोकवस्ती दोन लाखांच्या आसपास. एका अंगाला अलाबामा नदी, आणि नदीकडून वर येणारा रस्ता कॉमर्स स्ट्रीट, म्हणजे आपली व्यापारपेठ. नाव अगदी यथार्थ आहे. १८०८ साली आफ्रिकेतून गुलाम आणायला बंदी झाली, तेव्हा व्हर्जिनिया-मेरीलँडकडची माणसे दक्षिणेच्या कापसाच्या मुलखात विकण्याचा धंदा वाढला. यादवी युद्धापर्यंत सुमारे दहा लाख माणसे अशी हलवली गेली. काही पायी, साखळीने बांधून, काही आगबोटीने आणि आगगाडीने. त्यांतली पुष्कळ या कॉमर्स स्ट्रीटने वर चढली. १८६० साली अलाबामात सव्वाचार लाखांहून अधिक गुलाम होते. राज्यातल्या दर शंभर माणसांत पंचेचाळीस!

पेठ संपते तिथे कोर्ट स्क्वेअर नावाचा चौक आहे. मध्ये १८८५ साली बसवलेले कारंजे, वर हीबी नावाच्या ग्रीक देवतेचा पुतळा. याच चौकात माणसांचा लिलाव होई. तशी पाटी आता तिथे लावली आहे. मी पडले व्याकरणाची मास्तरीण. पाटी वाचताना माझे लक्ष प्रयोगाकडे जाते. गुलाम विकले जात, जमिनी विकल्या जात, गुरे विकली जात. सगळा कर्मणी प्रयोग. विकणारा कर्ता वाक्यात कुठेही नाही. भाचेसूनेला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "कर्त्यांची नावं रस्त्यांना दिलेली आहेत."

चौकाच्या कडेला विंटर बिल्डिंग आहे. सम्टर किल्ला खाली करा, नाहीतर तोफा डागू, अशी तार १८६१ च्या एप्रिलात इथूनच सुटली आणि यादवी युद्ध पेटले. त्या युद्धात दक्षिणेचा कापूस अडकून पडला, मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या, आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्या पैशांची आठवण देतो, त्याचे एक टोक या चौकात आहे. आपल्याकडे हा धडा कापसाचा म्हणून शिकवतात. तो कापूस वेचणाऱ्यांचा म्हणून कोणी शिकवीत नाही.

चौकापासून डेक्स्टर अव्हेन्यू हा सरळसोट रुंद रस्ता चढत जातो आणि अर्ध्या मैलावर टेकाडावर पांढरी घुमटाची इमारत दिसते. ते राज्याचे कॅपिटॉल, म्हणजे विधानभवन. मी चालत निघाले. ऊन पुण्याच्या मे महिन्यासारखे, वर नदीकाठची दमट हवा. भाचा सावलीसावलीने येत होता.

या रस्त्याची गंमत अशी की प्रवासी इथे दोन गोष्टी पाहतात आणि मधली चुकवतात. खाली लिलावाचा चौक पाहतात, आणि त्याच चौकात १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्सबाई ज्या थांब्यावर बसमध्ये चढल्या, तिथला २०१९ साली बसवलेला त्यांचा पुतळा पाहतात. दोन्हींच्या मध्ये पंधरावीस पावलांचे अंतर. त्यामुळे एक संपले आणि लगेच दुसरे सुरू झाले असे वाटते. पण मधली नव्वद वर्षे सरळ नव्हती.

१८६५ साली गुलामगिरी गेली. १८६७ साली दक्षिणेतल्या काळ्या पुरुषांना मताचा अधिकार मिळाला, आणि अलाबामात त्याच वर्षी लाखाच्या वर काळ्या मतदारांनी नावे नोंदवली. कालपर्यंत ज्यांना अक्षर शिकवणे गुन्हा होता, ते लोक! १८७० साली सेल्मा गावचे बेंजामिन टर्नर, जे स्वतः गुलाम होते, वॉशिंग्टनच्या काँग्रेसवर निवडून गेले. १८७२ साली माँटगोमेरीच्या मतदारसंघातून जेम्स रेपिअर निवडून आले. म्हणजे पुण्यात 'गुलामगिरी' छापली जात होती, तेव्हा या गावचा प्रतिनिधी कृष्णवर्णीय होता. जोतीरावांनी कौतुक केले ते उगाच नव्हे. त्या घटकेला ते कौतुक अगदी खरे होते. रेपिअर यांनी १८७४ साली काँग्रेसमध्ये भाषण करताना सांगितले, की वॉशिंग्टन ते माँटगोमेरी या हजार मैलांच्या वाटेवर मला खाट किंवा जेवण देणारी एकही खाणावळ नाही. काँग्रेसचा सभासद, आणि पाठ टेकायला जागा नाही! पण ही अडवणूक तेव्हा खाणावळवाल्यांची होती. राज्याचा तसा कायदा नव्हता. उलट १८७५ साली ती मोडणारा कायदा झाला. १८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला.

रेपिअर १८७४ च्या निवडणुकीत पडले. बंदुका, धाकदपटशा आणि मतपेट्यांची चोरी यांनी ती निवडणूक गोऱ्यांच्या पक्षाने जिंकली. १८७७ पर्यंत उत्तरेचे सैन्य निघून गेले. तरीही काळे लोक मते देतच राहिले, कमी का होईना. गावात १८८६ साली विजेच्या ट्राम आल्या. त्यांत माणसांना वेगळे बसवण्याचा गावचा ठराव झाला १९०० साली. गुलामगिरी जाऊन पस्तीस वर्षे झाल्यावर! काळ्या प्रवाशांनी तेव्हाच ट्रामवर बहिष्कार टाकला होता, पार्क्सबाईंच्या अर्धशतक आधी. तो यशस्वी झाला नाही म्हणून कोणाला आठवत नाही.

एवढे ऐकवत मी कॅपिटॉलच्या पायऱ्यांशी आले. पायऱ्या चढून गेले की दारापुढे जमिनीत एक पितळी तारा आहे. दक्षिणेच्या फुटीर राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांनी १८ फेब्रुवारी १८६१ रोजी तिथे उभे राहून शपथ घेतली. लोक त्या ताऱ्यावर उभे राहून फोटो काढतात. मला पाहायची होती ती आतली जागा. १९०१ च्या मे महिन्यात या इमारतीत १५५ गृहस्थ राज्याची नवी घटना लिहायला जमले. एकूणएक गोरे. बहुतेक वकील, जमीनदार, सावकार. अध्यक्ष जॉन नॉक्स हे ॲनिस्टन गावचे नामांकित वकील. आपण गोऱ्यांचे वर्चस्व प्रस्थापित करायला जमलो आहोत, पण अमेरिकेच्या घटनेच्या मर्यादेत राहून, असे त्यांनी पहिल्याच भाषणात स्वच्छ सांगितले. पूर्वी हेच काम मतपेट्या चोरून करावे लागे. आता ते कायद्याने करायचे होते. चोरीचा कंटाळा येऊन घर आपल्याच नावावर करून घेतात, त्यातला प्रकार.

त्यांनी रचलेले कलम वाचताना एखाद्या कसबी कारागिराचे काम पाहावे तसे वाटते. त्यात काळा-गोरा हा शब्दच नाही! जो सैनिक होता किंवा सैनिकाचा वंशज आहे, त्याने १९०३ उजाडण्यापूर्वी नाव नोंदवावे, ते जन्मभर टिकेल. गोऱ्यांची सोय झाली. नंतर येणाऱ्याने घटनेचे कलम वाचून-लिहून दाखवावे, नियमित कामधंदा दाखवावा, नाहीतर चाळीस एकर जमीन किंवा तीनशे डॉलरची मालमत्ता दाखवावी. वर दरसाल दीड डॉलर मतपट्टी, १ फेब्रुवारीच्या आत. एक वर्ष चुकले तर बाकी पुढे साठत जाणार. एकविसाव्या वर्षापासून पंचेचाळिसाव्यापर्यंत सारी थकली तर छत्तीस डॉलर. अर्धेलीने शेती करणाऱ्याच्या हातात वर्षाला रोख किती पडते हे या सावकारमंडळींना चांगले ठाऊक होते. त्यांच्या वह्यांतच ते होते.

ही घटना जनतेच्या मताला टाकली, आणि ती मंजूर झाली कोणाच्या मतांनी, तर काळ्यांची बहुसंख्या असलेल्या जिल्ह्यांच्या! तिथे गोऱ्या मतदारांच्या संख्येच्या कितीतरी पट अनुकूल मते मोजली गेली. म्हणजे आमचा मताधिकार काढून घ्या म्हणून काळ्यांनी रांगा लावून मते दिली असे कागदोपत्री दिसते. अलाबामात मतदानाच्या वयाचे सुमारे १ लाख ८१ हजार काळे पुरुष होते. नव्या नियमांखाली नावे राहिली तीन हजारांच्या आत-बाहेर. गरीब गोरेही हजारोंनी गळाले. त्यांना त्याबद्दल वाईट वाटल्याचे फारसे कोणी लिहून ठेवलेले नाही. खालच्या पायरीवर दुसरे कोणी आहे एवढे त्यांना पुरले असावे. हे आपल्याला समजायला कठीण जाऊ नये.

माँटगोमेरीचे जॅक्सन जाइल्स नावाचे गृहस्थ याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. खटल्याचा खर्च टस्कीगीचे बुकर वॉशिंग्टन गुपचूप पुरवत होते. उघडपणे गोऱ्यांशी जुळवून घ्या असा उपदेश करणारा हा माणूस आतून वकिलांची फी भरत होता! १९०३ साली निकाल लागला. न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिले, की राज्यातले गोरे लोक जर मिळून तुमचे नाव गाळायचेच म्हणत असतील, तर यादीत नाव घालून आम्ही काय साधणार. दाद राजकारणातून मागा. ज्याला मत नाही त्याने राजकारणातून दाद मागायची. पुन्हा अलाबामातून कृष्णवर्णीय माणूस काँग्रेसवर निवडून जायला १९९२ साल उजाडले.

मताची वाट बंद झाल्यावर बाकीचे सोपे होते. शाळा, दवाखाने, बाके, पाण्याचे नळ, सगळ्यांचे कायदे एकामागून एक झाले. त्यांना विरोध करणारा मतदारच उरला नव्हता. राज्य आपले कैदी, बहुतेक काळे, खाणमालकांना भाड्याने देई. हा धंदा अलाबामात १९२८ पर्यंत चालला. त्यापुढे तो चालू ठेवणारे एकही राज्य नव्हते.

याच पायऱ्यांच्या खाली २५ मार्च १९६५ रोजी, सेल्माहून ५४ मैल चालून आलेल्या हजारो लोकांपुढे मार्टिन ल्यूथर किंग यांनी हाच इतिहास सांगितला. वेगळे बसवण्याची पद्धत युद्धानंतर आपोआप आलेली नाही, ती मुद्दाम घडवली गेली, असे ते म्हणाले, आणि व्हॅन वुडवर्ड या इतिहासकाराचा हवाला दिला. मोर्चाच्या भाषणात इतिहासाच्या पुस्तकाचा हवाला! मास्तरणीला यापेक्षा अधिक काय हवे? किंग यांचे विटांचे चर्च इथून हाकेच्या अंतरावर आहे.

संध्याकाळी आजींकडे गेलो. छोटेसे बैठे घर, पुढे पडवी, पडवीत डुलती खुर्ची आणि तुळशीसारख्या जपलेल्या दोन कुंड्या. आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या. बांधणीची साडी त्यांनी उलगडून मांडीवर घेतली आणि काठावरून हात फिरवत बसल्या. बससत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्यांची आई एका गोऱ्या घरी स्वयंपाकाला जाई. ३८१ दिवस ती चालत गेली. "घरधनीण कधीकधी मोटार घेऊन न्यायला येई," आजी म्हणाल्या. "नगराध्यक्ष चिडायचे. पण त्यांनाही सकाळचा चहा हवाच होता ना!" पैसे पुढच्या दाराने द्यायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने चढायचे, आणि कधीकधी तेवढ्यात बस सुटायची, हे त्यांनी हातवारे करून दाखवले.

मी मतपट्टीचे विचारले तेव्हा त्या उठल्या आणि बायबल घेऊन आल्या. त्यात वडिलांच्या पावत्या होत्या. पिवळ्या पडलेल्या, चार बोटे रुंद. प्रत्येकीवर दीड डॉलर. वडील रेल्वेच्या यार्डात कामाला होते. पहिल्या वेळी त्यांना मागची सगळी बाकी एकदम भरावी लागली. त्या वर्षी मुलांना जोडे झाले नाहीत. रोझा पार्क्सबाईंनाही १९४५ साली, तिसऱ्या खेपेला नाव लागल्यावर, मागच्या अकरा वर्षांचे साडेसोळा डॉलर मोजावे लागले होते. "बाबा मत द्यायला जायचे तेव्हा रविवारचे कपडे घालायचे," आजी म्हणाल्या. "निवडून कोणीही आला तरी आमचं काही करणार नव्हता. तरी जायचे." मी परवानगी घेऊन पावत्यांचा फोटो काढला आणि ताईला पाठवला. खाली लिहिले, घर असे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवरचे स्मारक पाहिले. जमावाने ठार मारलेल्या चार हजारांहून अधिक लोकांची नावे आठशेंवर लोखंडी खांबांवर, जिल्हावार कोरली आहेत. २०१८ साली ते उघडले. चालता चालता पायांखालची जमीन उतरत जाते आणि खांब डोक्यावर लटकू लागतात. त्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे; मी लिहीत नाही. आजी आत आल्या नाहीत. बाहेर बाकावर बसून राहिल्या.

मग त्यांनीच आम्हाला सेल्माच्या रस्त्याने लाउंड्स जिल्ह्यात नेले. त्यांचे थोरले भाऊ तिथे अर्धेलीने शेती करत. दोन्ही बाजूंना सपाट कुरणे, मधून मधून शेवाळ लोंबणारी झाडे. १९६५ उजाडले तेव्हा या जिल्ह्यात शंभरात ऐंशी माणसे काळी होती आणि मतदारयादीत त्यांतले एकही नव्हते. गोरे मतदार मात्र होते त्याहून जास्त नोंदलेले. मेलेल्यांची नावे कोणी काढली नव्हती. त्या ऑगस्टात मताधिकाराचा कायदा झाला. ज्यांनी नावे नोंदवली त्यांना मालकांनी जमिनीवरून हुसकले. हमरस्त्याच्या कडेला तंबू ठोकून ती कुटुंबे सुमारे दोन वर्षे राहिली. आजींचे भाऊ, भावजय आणि पाच मुले त्यांत होती. आज तिथे छोटे संग्रहालय आहे.

तिथल्या भिंतीवर मला एक ओळखीचा प्राणी भेटला. निवडणुकीला प्रत्येक पक्षाचे चिन्ह लागे. गोऱ्यांच्या पक्षाचा पांढरा कोंबडा होता, आणि त्याच्याबरोबर गोऱ्यांच्या वर्चस्वाचे ब्रीद. लाउंड्सच्या शेतकऱ्यांनी आपला पक्ष काढला आणि चिन्ह घेतले काळा पँथर. चित्र अटलांटाच्या एका कॉलेजच्या क्रीडाचिन्हावरून उचलले. १९६६ च्या नोव्हेंबरात त्यांचे सगळे उमेदवार पडले; पण १९७० साली त्यांच्यातले जॉन ह्युलेट जिल्ह्याचे शेरिफ झाले. दरम्यान तो पँथर कॅलिफोर्नियात ओकलंडला गेला, आणि तिथून १९७२ साली मुंबईत, नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्याकडे. दलित पँथरचे साहित्य मी वीस वर्षे शिकवते आहे.

परतताना मोटारीत मी आजींना हे सांगितले. तुमच्या जिल्ह्यातला पँथर आमच्या मुंबईपर्यंत आला होता. त्यांना ते खरे वाटेना. नातीने पुन्हा समजावून सांगितले. मग त्या पोट धरधरून हसल्या. म्हणाल्या, "आम्हाला लिहितावाचता न येणाऱ्यांसाठी काढला होता तो. कोंबड्याला खाईल असं जनावर पाहिजे, एवढंच आम्ही म्हणायचो. तुमच्याकडे कोंबडा कोण होता?"

मी सांगू लागले. महाडच्या चवदार तळ्यापासून सुरुवात केली, १९२७ पासून. मधेच त्या म्हणाल्या, "आणि तुमची बहीण? ती कधी येणार आहे?"

भाचा समोर रस्त्याकडे पाहत होता. ताईचे उत्तर अजून आले नव्हते. मी म्हटले, "दिवाळीत विचारते."